दोन ‘जैसे थे’ करार

बीड जिल्ह्यांतील ज्या घरांत अजून नव्वदीच्या घरांतलें एखादें माणूस आहे, त्या घरांत ‘जैसे थे करार’ हे शब्द नव्यानें समजावून सांगावे लागत नाहींत. १९४७ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या २९ तारखेस हिंदुस्थान सरकार आणि हैदराबादचा निजाम यांच्यामध्यें जो करार झाला, त्याला मराठवाड्यांत हेंच नांव पडलें होतें. स्वामित्वाचा मूळ प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा आणि जें जसें आहे तें तसेंच एक वर्षभर चालूं द्यावें, असा त्याचा आशय. वर्ष पुरें होण्यापूर्वींच तो करार कोसळला. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. मधल्या दहा महिन्यांत सीमेवरच्या गांवांनीं काय सोसलें, रझाकारांच्या भीतीनें कितीजण रातोरात हद्द ओलांडून नगर जिल्ह्यांत आश्रयाला गेले, हें त्या पिढीच्या तोंडून ऐकलेलेंच बरें.

त्याच जातीचा एक दुसरा करार आहे. तो १ डिसेंबर १९५९ रोजीं वॉशिंग्टन येथें बारा राष्ट्रांनीं केला, २३ जून १९६१ पासून तो अंमलांत आला, आणि आज साठांहून अधिक वर्षें लोटलीं तरी मोडलेला नाहीं. त्यांतहि मालकीचा वाद मिटविलेला नाहीं, नुसता बाजूला ठेवला आहे. त्यांतहि एकमेकांवर काडीइतका विश्वास नसलेले पक्ष आहेत. अमेरिका आणि सोव्हिएट रशिया एकमेकांना अणुबाँबचा धाक घालीत होते, त्याच काळांत दोघांच्या सह्या या एका कागदावर पडल्या. पहिला करार दहा महिन्यांत कां मोडला आणि दक्षिण ध्रुवाचा हा करार कां टिकला, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आणि तो विचारण्याचा बीडच्या माणसाला विशेष अधिकार आहे.

शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशांत अगदीं तळाशीं एक पांढरी, ओबडधोबड पट्टी असते. मास्तरांची छडी तेथपर्यंत क्वचितच पोंचते. ती पट्टी म्हणजे अंटार्क्टिका खंड. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरल्यामुळें तो तेथें लांबट दिसतो. पृथ्वीच्या गोलावर पाहिलें तर तो बराचसा वाटोळा आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १ कोटि ४० लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक. बीडएवढे जिल्हे शेजारीं शेजारीं मांडीत गेल्यास तेराशें लागतील. या सर्व भूमीवर सरासरीनें सुमारें दोन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. तेथील व्होस्टोक या रशियन ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजीं उष्णतामान शून्याखालीं ८९.२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलें होतें. इतका बर्फ असूनहि हा प्रदेश एका अर्थानें वाळवंटच आहे. आंतल्या उंच पठारावर वर्षभरांत जें हिम पडतें त्याचें पाणी केलें, तर तें ५० मिलिमीटरहि भरत नाहीं. बालाघाटाच्या पर्जन्यछायेंतला शेतकरी ज्याला अवर्षण म्हणतो, तें तेथें सुकाळ ठरावें. या खंडाला मूळचे रहिवासी नाहींत. तेथें कोणी वाढलें, शेत कसून पोट भरलें, असें कधीं झालें नाहीं.

रहिवासी नसले तरी मालकी सांगणारे पुष्कळ निघाले. १९०८ सालीं ब्रिटननें पहिला हक्क पुकारला. मग न्यूझीलंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, चिली आणि अर्जेंटिना अशीं एकूण सात राष्ट्रें पुढें सरसावलीं. बहुतेकांची रीत अशी, कीं किनाऱ्याच्या दोन टोकांपासून ध्रुवबिंदूपर्यंत दोन रेघा ओढावयाच्या आणि भाकरीच्या चतकोरासारखा मधला तुकडा आपला म्हणावयाचा. ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना यांचे चतकोर तर एकमेकांवर पडले. एकाच सर्व्हे नंबराचे तीन सातबारे तीन चावड्यांत निघावेत, तसा हा प्रकार होता. १ फेब्रुवारी १९५२ रोजीं होप बे या ठिकाणीं अर्जेंटिनाच्या लोकांनीं किनाऱ्यावर उतरणाऱ्या ब्रिटिशांच्या डोक्यांवरून मशीनगनच्या गोळ्या झाडल्या. कोणी मेलें नाहीं. पण बांधावरचें भांडण कोठवर जाऊं शकतें याची चुणूक दिसली. अमेरिका व रशिया यांनीं स्वतः हक्क सांगितला नाहीं. मात्र पुढें तो सांगण्याचा अधिकार राखून ठेवला, आणि दुसऱ्या कोणाचाहि हक्क मान्य केला नाहीं. भाऊबंदकींत असा एखादा नातलग असतोच, जो वांटणी मागत नाहीं आणि वांटणी होऊंहि देत नाहीं.

या गुंत्यांतून वाट निघाली ती शास्त्रज्ञांमुळें. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा अठरा महिन्यांचा काळ ‘आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष’ म्हणून पाळण्यांत आला. त्या काळांत बारा राष्ट्रांनीं अंटार्क्टिकावर व भोंवतालच्या बेटांवर ठाणीं उभारून हवामान, पृथ्वीचें चुंबकत्व, ध्रुवीय प्रकाश, बर्फाची जाडी यांचीं मापें घेतलीं. रशियन ठाण्यावर अमेरिकन शास्त्रज्ञानें आणि अमेरिकन ठाण्यावर रशियन शास्त्रज्ञानें हिंवाळा काढला. काम संपल्यावर प्रश्न उभा राहिला, कीं आतां पुन्हां भांडणाला आरंभ करावयाचा कीं काय ? १९५९ चा करार हें त्या प्रश्नाचें उत्तर होतें.

करार लहानसा, अवघ्या चौदा कलमांचा आहे. दक्षिण अक्षांश ६० च्या खालील प्रदेशाचा उपयोग केवळ शांततेच्या कार्यासाठीं व्हावा. तेथें लष्करी तळ नकोत, तटबंदी नको, युद्धाचे सराव नकोत. अणुस्फोट नको आणि किरणोत्सर्गी कचरा नेऊन टाकणें नको. संशोधन सर्वांना मोकळें असावें आणि त्याचे निष्कर्ष सर्वांना मिळावे. परंतु कराराचा प्राण चौथ्या कलमांत आहे. ज्यांनीं पूर्वीं हक्क सांगितला आहे त्यांनीं तो सोडला असें या करारामुळें होत नाहीं, आणि ज्यांनीं तो मानला नाहीं त्यांनीं मानला असेंहि होत नाहीं. करार चालूं असेपर्यंत कोणीं तेथें कांहींहि केलें, तरी त्यावरून मालकी सिद्ध होणार नाहीं. नवा हक्क सांगतां येणार नाहीं व जुना वाढवितां येणार नाहीं.

शेतजमिनीचे तंटे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना या कलमाची मख्खी चटकन् उमगेल. आपल्याकडे बांध कोरण्याचा मोह कां होतो ? कारण वहिवाट सिद्ध झाली कीं हक्काचा दावा मागून येतो. आज नांगराचें एक तास पुढें, उद्यां एक गोठा, परवां एक विहीर. आणि पुढें कोर्टांत ‘वडिलोपार्जित कब्जा’! चौथ्या कलमानें या वहिवाटीचा लाभच काढून घेतला. तेथें पन्नास वर्षें घर बांधून राहिलें तरी एका वीतभर बर्फावरहि मालकी लागत नाहीं. मग पुढें सरकण्यांत अर्थ तो काय राहिला ? त्याच्या जोडीला सातवें कलम आहे. मताधिकार असलेल्या कोणत्याहि राष्ट्राचे निरीक्षक दुसऱ्या कोणाच्याहि ठाण्यावर केव्हांहि जाऊन सर्व कांहीं पाहूं शकतात. त्यांना दार बंद करतां येत नाहीं. १९५९ सालीं रशियानें व अमेरिकेनें असें उघडें दार दुसऱ्या कोठेंहि मान्य केलें नव्हतें. १९८२ सालीं फॉकलंड बेटांवरून ब्रिटन व अर्जेंटिना यांचें युद्ध जुंपलें, शेंकडों माणसें मेलीं. पण तें युद्ध ६० अक्षांशाच्या दक्षिणेस उतरलें नाहीं, आणि त्याच वर्षीं दोन्ही राष्ट्रांचे प्रतिनिधि अंटार्क्टिकाच्या बैठकींत एका खोलींत बसले.

आतां पहिल्या कराराकडे वळूं. तो मोडण्याचीं कारणें पुष्कळ सांगण्यांत येतात. अटी मोडल्याच्या तक्रारी दोन्ही बाजूंनीं होत्या आणि दोघांनाहि मान्य असा, प्रत्यक्ष जाऊन पाहणारा पंच नव्हता. शस्त्रें आणण्याचे उद्योग चालले होते. हें सर्व खरें आहे. परंतु मूळ कारण याहून साधें असावें. त्या संस्थानांत दीड कोटीहून अधिक माणसें राहत होतीं, आणि त्यांपैकीं बहुतेकांच्या दृष्टीनें ‘जैसे थे’ याचा अर्थ होतें तेंच दुःख पुढें चालूं राहणें, एवढाच होता. मुदत मागणाऱ्यांनीं त्यांना विचारलें नव्हतें. जेथें माणसें नांदतात तेथें मालकीचा प्रश्न त्यांना वगळून बाजूला ठेवला, तर तो शेजारच्या खोलींतून दार ठोठावीत राहतो. अंटार्क्टिकावर दार ठोठावणारें कोणी नाहीं. पेंग्विन आणि सील यांना झेंड्याचें सोयरसुतक नाहीं. म्हणून तेथें प्रश्न झोंपवून ठेवतां आला. जगांतील प्रत्येक सीमातंट्याला दक्षिण ध्रुवाचें औषध सुचविणारे लेख मधूनमधून वाचनांत येतात. त्यांच्या लेखकांनीं मराठवाड्याचे ते दहा महिने एकदां डोळ्यांखालून घालावे.

भारताचा या कराराशीं आलेला संबंध जरा वांकड्या वाटेनें आला. करार होण्यापूर्वीं तीन वर्षें, १९५६ सालीं, भारतानें अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढें मांडण्याचा प्रयत्न केला, आणि १९५८ सालीं तो पुन्हां केला. हा प्रदेश साऱ्या जगाच्या हितासाठीं शांततेंत राहावा, ही भारताची भूमिका होती. ज्यांचे तेथें दावे होते त्या राष्ट्रांना ही चर्चा रुचली नाहीं, आणि दोन्ही वेळां भारतानें विषय मागें घेतला. १९५९ च्या बारा सह्यांत भारताची सही नाहीं. आशियाई देशांपैकीं जपानची तेवढी आहे. आफ्रिकेंतून सही आहे ती तेव्हांच्या वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेची.

मग वीसएक वर्षें गेलीं. ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याच्या किनाऱ्यावरून ‘पोलर सर्कल’ नांवाचें, भाड्यानें घेतलेलें एक नॉर्वेजियन जहाज फारसा गाजावाजा न करतां निघालें. त्यावर एकवीस जणांची भारतीय तुकडी होती. तिचे नायक डॉ. सय्यद झहूर कासिम हे गोव्यांतील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पूर्वीचे संचालक. ९ जानेवारी १९८२ रोजीं ही मंडळी बर्फावर उतरली आणि २१ फेब्रुवारीस गोव्याला सुखरूप परत आली. १९ ऑगस्ट १९८३ रोजीं भारत करारांत सामील झाला, आणि पुढच्याच महिन्यांत त्याला मताधिकारहि मिळाला. तिसऱ्या मोहिमेबरोबर, १९८३-८४ मध्यें, डॉ. आदिती पंत व डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी गेल्या. भारतीय मोहिमेंतून त्या खंडावर गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. पंत यांचा जन्म नागपूरचा, शिक्षण पुणें विद्यापीठांत व पुढें परदेशीं, आणि काम दोना पावला येथील त्याच संस्थेंत. समुद्रांतील सूक्ष्म वनस्पति हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. सेनगुप्ता या भूगर्भशास्त्रज्ञ. त्याच मोहिमेनें ‘दक्षिण गंगोत्री’ हें भारताचें पहिलें ठाणें उभारलें. तें तरंगत्या हिमस्तरावर होतें, आणि थोड्याच वर्षांत बर्फाखालीं गाडलें गेलें. पुढील ठाणें बांधतांना हा धडा लक्षांत ठेवला गेला. १९८९ सालचें ‘मैत्री’ हें ठाणें उघड्या खडकाळ भूमीवर आहे. २०१२ सालीं ‘भारती’ हें तिसरें ठाणें लार्समन टेकड्यांत उभें राहिलें, तें मालवाहू जहाजांवरच्या १३४ पेट्या जोडून.

एवढा खटाटोप मताधिकारासाठीं कां करावा लागला, हें स्पष्ट बोलावयास हवें. नवव्या कलमाप्रमाणें मूळच्या बारांखेरीज इतरांना मत हवें असेल, तर तेथें भरीव संशोधन चालवून दाखवावें लागतें. म्हणजे जहाज हवें, ठाणें हवें, आणि त्यासाठीं पैसा हवा. गायरान सर्व गांवाचें असें म्हणतात. परंतु ज्याच्या गोठ्यांत जनावर नाहीं त्याला गायरानाच्या पंचांत कोण विचारतो? आज करारांत पन्नासांहून अधिक राष्ट्रें आहेत. मत आहे तें २९ राष्ट्रांना. भारत १९५६ सालीं दाराबाहेरून ज्या जातीचें बोलत होता, तसेंच मलेशिया १९८३ सालीं संयुक्त राष्ट्रसंघांत बोलला; तोंवर भारत आंत येऊन बसला होता. मलेशियाहि २०११ सालीं आंत आला. टीकाकाराला सभासद करून घेतलें कीं टीका मवाळ होते, हा संस्थांचा जुना अनुभव आहे. तरीहि एवढें म्हटलें पाहिजे, कीं पंच थोडे असले तरी या पंचांनीं गायरान अद्याप नांगरूं दिलेलें नाहीं.

तें नांगरण्याच्या बेतापर्यंत गोष्ट गेली होती. १९८८ सालीं वेलिंग्टन येथें एक मसुदा पक्का झाला. त्यांत अंटार्क्टिकावर खनिजें काढण्यास, नियम घालून, वाट ठेवलेली होती. सहा वर्षें बसून तो तयार केला होता. परंतु १९८९ सालीं ऑस्ट्रेलिया व फ्रान्स यांनीं ऐन वेळीं अंग काढून घेतलें. त्याच वर्षाच्या आरंभीं ‘बाहिया पाराइसो’ हें अर्जेंटिनाचें जहाज तेथील किनाऱ्याजवळ फुटून समुद्रांत तेल पसरलें होतें, आणि लोकमत हळवें झालें होतें. मसुदा बारगळला. त्याच्या जागीं ४ ऑक्टोबर १९९१ रोजीं माद्रिद येथें दुसऱ्याच कागदावर सह्या झाल्या. त्याच्या सातव्या कलमांत एका वाक्यांत म्हटलें आहे, कीं शास्त्रीय संशोधनाखेरीज खनिजविषयक कोणतेंहि काम तेथें करूं नये. या माद्रिदच्या नियमांतील एक तपशील मोठा चमत्कारिक आहे: १ एप्रिल १९९४ पर्यंत त्या खंडावरील सर्व कुत्रे बाहेर न्यावेत. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोंचला तो कुत्र्यांच्या गाड्यांच्या बळावर. पण त्यांचे रोग तेथील सील प्राण्यांना लागतील या भयानें त्या इमानी जनावरांनाहि रजा मिळाली.

भारती ठाण्याच्या शेजारचा प्रकार बातम्या वाचणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्याच टेकड्यांच्या परिसरांत चीनचें ‘झोंगशान’ आणि रशियाचें ‘प्रोग्रेस’ हीं ठाणीं आहेत. २००७ सालापासून तो परिसर विशेष व्यवस्थेचा प्रदेश ठरविला असून त्याची देखरेख ज्या राष्ट्रांकडे एकत्र सोंपविली आहे, त्यांत ऑस्ट्रेलिया, रशिया व रुमानिया यांच्याबरोबर भारत आणि चीन हीं दोन्ही आहेत. २०२० सालीं गलवानच्या खोऱ्यांत दोन्ही देशांचे शिपाई एकमेकांच्या हातून मेले, त्या वर्षींहि ही व्यवस्था मोडली नाहीं. लडाखच्या बर्फांत जो वहिवाटीचा प्रश्न रक्त सांडतो, तो तेथल्या बर्फांत कलम चारनें निजवलेला आहे.

तेथें चाललेल्या संशोधनाचा बीडसारख्या कोरड्या जिल्ह्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे. थरावर थर सांचलेल्या त्या बर्फांत जुन्या हवेचे बुडबुडे अडकून राहिले आहेत. खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या कांडीवरून आठ लक्ष वर्षांपर्यंतच्या हवेचा हिशेब लागला आहे. त्या सर्व काळांत हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइड वायूचे भाग तीनशेंच्या वर गेल्याचें दिसत नाहीं. आज ते ४२० च्या पुढें आहेत. परळीच्या वीजकेंद्राच्या धुरांड्यांतून निघणाऱ्या वायूचाहि त्यांत वांटा आहे, आणि त्याची खातेवही कोणाच्याहि मालकीच्या नसलेल्या बर्फांत लिहिली जात आहे. गोव्यांत वास्को येथें राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. तेथें अशा बर्फाच्या कांड्या गोठवून ठेवून तपासतात. बाहेर माडांच्या बनांत घामाच्या धारा, आणि आंत लोंकरी अंगरखे घातलेले शास्त्रज्ञ ! १९८५ सालीं तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं ओझोनच्या थराला पडलेलें भगदाड जाहीर केलें, तें याच खंडावरील ठाण्यांत वर्षानुवर्षें घेतलेल्या मापांवरून. दोन वर्षांत माँट्रियलचा करार झाला, आणि शीतकपाटांतला अपायकारक वायु पुढें घरोघरींच्या शीतकपाटांतून गेला.

या व्यवस्थेवर ताण नाहीं असें मात्र नव्हे. तेथें हौसेनें जाणाऱ्या प्रवाशांची संख्या अलीकडे एका हंगामांत लाखाच्या वर गेली आहे. मे २०२४ मध्यें करारांतील राष्ट्रांची शेहेचाळिसावी सभा केरळांत कोची येथें भरली, तेव्हां या प्रवाशांसाठीं नियमांची चौकट ठरविण्याचें काम हातीं घेतलें गेलें. प्रत्येक निर्णय एकमतानें व्हावा लागतो. एकानें मान हलविली नाहीं कीं ठराव पडून राहतो. समुद्रांतील संरक्षित प्रदेश वाढविण्याच्या सूचना असल्याच अडवणुकीनें वर्षानुवर्षें लोंबकळत आहेत. २०४८ सालीं खाणी खुल्या होणार, अशी एक समजूत पसरली आहे. ती चुकीची आहे. त्या सालानंतर कोणतेंहि मताधिकारी राष्ट्र फेरविचाराची परिषद मागूं शकेल, एवढेंच. आणि तेथेंहि खाणीवरील बंदी उठविण्यापूर्वीं पर्यायी नियमांची बंधनकारक व्यवस्था अमलांत असली पाहिजे, अशी अट आहे. भारतानें २०२२ सालीं स्वतःचा अंटार्क्टिका कायदाहि केला, त्यामुळें तेथें गेलेल्या भारतीय माणसाच्या अपराधाचा निवाडा आतां भारतीय न्यायालयांत होऊं शकतो.

एप्रिल २०२४ मध्यें भारती ठाण्यावर टपाल कचेरी उघडण्यांत आली. टपाल खात्याच्या वांटणींत तो सारा प्रदेश गोव्यामार्फत महाराष्ट्राच्या टपाल विभागांत मोडतो, आणि म्हणून त्या कचेरीला प्रायोगिक पिन क्रमांक मिळाला तो ‘एमएच-१७१८’. तेथें पेटींत टाकलेलीं पत्रें बहुधा वर्षांतून एकदां जहाजानें वास्कोच्या केंद्रांत येतात, आणि तेथून ज्याच्या त्याच्या गांवीं जातात.